दुर्गाबाईंच्या राण्या



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांच्या कपाटात शाळेच्या पुस्तकांपेक्षा नाटकांच्या प्रती जास्त होत्या, असं इथे आल्यावर कळलं. तेव्हा नटीवर बोलायला आलो म्हणून आधी क्षमा मागायची गरज राहिली नाही. विषय निवडायची मोकळीक माझ्याकडे होती. मी दुर्गा खोटे यांना निवडलं, आणि त्याचं एक कारण तुमच्याच कर्जत-खोपोलीच्या भागात आहे.

चौकजवळ नितीन देसाईंनी २००५ साली स्टुडिओ उभारला. पुढे 'जोधा अकबर'साठी तिथे आग्र्याचा किल्ला उभा राहिला. तुमच्यापैकी काहींनी त्या किल्ल्याच्या भिंतीला हात लावून बघितला असेल. काहींच्या घरच्यांनी तिथे सुतारकाम केलं असेल, रंग मारला असेल, नाहीतर डोक्याला पागोटं बांधून मुघलांच्या गर्दीत उभं राहून रोज घेतला असेल. तो चित्रपट आला २००८ साली. त्याच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी, १९६०च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये जोधाबाई होत्या दुर्गाबाई. सलीम-अनारकलीच्या धुमाळीत त्या चित्रपटातली जोधा आपल्याला दिसत नाही. पण बापाच्या बाजूला उभं राहायचं की मुलाच्या, हा पेच दोन्हीकडून सोसते ती तीच. दिलीपकुमार आणि पृथ्वीराज कपूर आवाजाने एकमेकांवर चढाई करत असतात, आणि मधे उभी असलेली ही बाई आवाज खाली आणून दोघांनाही ऐकायला लावते.

दुर्गाबाईंबद्दल एक वाक्य प्रत्येक लेखात सापडतं: कुलीन घराण्यातल्या या स्त्रीने सिनेमात पाऊल टाकलं आणि सिनेमाला प्रतिष्ठा मिळाली. माझं या वाक्याशी भांडण आहे. एक म्हणजे, ते खरं श्रेय घराण्याला देतं. जणू काम लाड-खोटे या आडनावांनी केलं आणि बाई नुसत्या कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या! दुसरं म्हणजे, त्यांच्या आधी आलेल्या बायकांना ते वाक्य गप्पकन पुसून टाकतं. फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले, या दोघींनी कामं केली. समाजाने त्यांना काय काय ऐकवलं असेल, याची कल्पना करायला इतिहासकार लागत नाही. त्यांच्या वाट्याला कुलीनतेचं कवच नव्हतं, तरी त्या उभ्या राहिल्या.

मग दुर्गा खोटे यांचं वेगळेपण कशात? माझ्या मते ते इतकंच, आणि ते पुष्कळ आहे, की त्यांनी नट म्हणून काम करणं हे *काम* मानलं. पोटासाठी धरलं, कारागिरासारखं शिकल्या, हिशेब स्वतःच्या हातात ठेवला.

जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईत. माहेरचं नाव विठा लाड. वडील पांडुरंगराव सॉलिसिटर, घर गिरगावात कांदेवाडीला, घरची बोली कोकणी. शिक्षण कॅथिड्रल शाळेत आणि नंतर सेंट झेवियर्स कॉलेजात, म्हणजे इंग्रजी तोंडात बसलेलं. लग्न खोट्यांच्या श्रीमंत घरात झालं. पण सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि पदरात बकुळ आणि हरिन ही दोन मुलं होती. शिकवण्या करून बघितल्या. त्याच सुमारास मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये एका छोट्या भूमिकेचं विचारणं आलं. ते खरं तर बहिणीकडे आलं होतं, तिने नको म्हटलं आणि हिचं नाव पुढे केलं. वर्ष १९३१. सिनेमा धड मूक नाही, धड बोलका नाही, असा. जाहिरातीत मात्र सॉलिसिटर लाडांची कन्या आणि खोट्यांची सून असा डांगोरा पिटला गेला. म्हणजे ते कुलीनतेचं वाक्य पत्रकारांच्या आधी निर्मात्यांनी शोधलं होतं, तिकीटं विकायला! गिरगावात जी छी-थू झाली तीही अर्थातच आडनावांना धरूनच झाली.

असल्या अनुभवानंतर दुसरी कुणी घरी बसली असती. पण पडद्यावरच्या या बाईवर व्ही. शांतारामांची नजर पडली होती, आणि प्रभात कंपनीला कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा'साठी तारामती हवी होती.

इथे जरा थांबतो. हरिश्चंद्राची राणी तारामती ही आपल्या सिनेमाची पहिली नायिका. १९१३ साली फाळक्यांना त्या भूमिकेसाठी बाई मिळाली नाही, तेव्हा हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं गेलं. एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, पहिल्या मराठी बोलपटातही गोष्ट तीच निवडली गेली, आणि आता तारामती होती झेवियर्समध्ये शिकलेली एक बाई, दोन मुलांची आई. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच.

त्या काळी बोलपट कसा काढत, हे आजच्या मुलांना सांगायला हवं, कारण मोबाईलवर पन्नासदा रिटेक घेणाऱ्यांना ते खरं वाटणार नाही. पार्श्वगायन नव्हतं. ज्याने ओठ हलवायचे त्यानेच गायचं, आणि त्याच क्षणी. पेटीवाला, तबलजी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कुठे तरी दडलेले. माईक एका जागी, तेव्हा अभिनय करता करता आवाज माईकच्या टप्प्यात राहील एवढं भान पायांनी ठेवायचं. कॅमेऱ्याची घरघर आवाजात शिरू नये म्हणून त्याला झाकायचं. गाण्याच्या शेवटच्या ओळीला कुणी खोकलं की सगळं पहिल्यापासून. आणि 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत काढायचा होता, म्हणजे तारामतीला राज्य दोनदा गमवायचं, काशीच्या बाजारात दोनदा विकलं जायचं, रोहिदास दोनदा मरायचा. ज्या बाईने रंगभूमीवर कधी पाऊल टाकलं नव्हतं तिची शाळा ही अशी झाली. गळा गायिकेचा नव्हता, पण सूर सोडत नव्हता. आज तो चित्रपट पाहताना इतर काही जणांचा अभिनय नाटकी वाटतो. दुर्गाबाईंचा तितका वाटत नाही. नाटकाची सवयच नव्हती, म्हणून मोडायलाही काही नव्हतं!

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'. स्त्रीराज्याची राणी, पुरुषांचा तिटकारा असलेली, आणि पायाशी पाळलेला चित्ता. तारामतीनंतर लगेच ही. सोशिक पतिव्रतेच्या साच्यात अडकायचं नाही हे बाईंनी पहिल्याच वर्षी ठरवलं असावं, किंवा शांतारामांनी ठरवलं असावं. काही असो, ते झालं. मग १९३६ची 'अमर ज्योती'. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. सौदामिनी नावाच्या बाईला तिच्या मुलाचा ताबा नाकारला जातो. राणीच्या दरबारात न्याय मिळत नाही, तेव्हा ती जहाज घेते आणि चाच्यांची नायिका होते. समोर प्रधान दुर्जय म्हणजे चंद्रमोहन, ज्याचे डोळे विसरता येत नाहीत. १९३६ साली हिंदुस्थानात आईचा मुलावरचा हक्क कायद्याच्या पुस्तकात किती होता, हे वकील मंडळींना विचारा. त्या काळात पडद्यावर एक बाई तो हक्क तलवारीने मागते, आणि प्रेक्षक तिच्या बाजूने असतो. माझ्या दृष्टीने दुर्गाबाईंच्या सगळ्या राण्यांमधली खरी राणी हीच, जिच्याजवळ राज्य नाही.

तेव्हाची पद्धत महिन्याच्या पगाराची होती. नट कंपनीचा नोकर, कंपनी सांगेल ते काम, दुसरीकडे जायचं नाही. दुर्गाबाईंनी ही बांधणी लवकर सोडली. प्रभातचं काम करता करता कलकत्त्याला गेल्या, न्यू थिएटर्ससाठी देबकी बोसांचा 'राजरानी मीरा' केला, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी १९३४ला 'सीता' केला. सीता त्या, राम पृथ्वीराज कपूर. 'सीता'ही व्हेनिसला गेला. पुढे 'साथी' नावाचा चित्रपट स्वतः काढला. ज्याला आज फ्रीलान्स म्हणतात, तशा पद्धतीने काम करणारे कलावंत तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मुलांची फी भरणाऱ्या बाईला पगाराची हमी सोडवत नाही, असं आपण धरून चालतो. या बाईने हमी सोडली आणि दर स्वतः ठरवला.

भूमिका निवडतानाही हाच व्यवहारी धीटपणा. १९४१ला अत्र्यांच्या 'पायाची दासी'त सुनेला छळणारी सासू. वय छत्तीस! नायिकेचं वय संपल्याची कबुली आपण होऊन द्यायची, तीही दुष्ट सासू होऊन, हे आजच्या नटीलाही जड जातं. पुढच्या वर्षी 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. या दोन्ही भूमिकांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मग १९४३ला सोहराब मोदींच्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये मृणालवती, कन्हैयालाल मुन्शींच्या कादंबरीतली गर्विष्ठ राजकन्या. कैदी मुंजाशी तिची नुसती शब्दांची लढाई आहे. सासू, कैकेयी, मृणालवती: तीनही बायका लोकांना न आवडणाऱ्या. दुर्गाबाई त्यांना गोड करून दाखवत नाहीत, आणि खलनायिकाही करत नाहीत. कैकेयी वर मागते तेव्हा तिला आपलं खरं वाटत असतं, एवढंच त्या दाखवतात.

आता नाटक. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याबद्दल, आणि इथे तुमच्या रस्त्यावरून जावं लागेल.

कांदेवाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर केळेवाडी. तिथल्या मुंबई मराठी साहित्य संघाने, डॉ. अ. ना. भालेरावांच्या पुढाकाराने, पडत्या काळात मराठी रंगभूमीला हात दिला. पन्नाशीला टेकलेल्या दुर्गाबाई या मंचावर आल्या. सिनेमातली वीस वर्षं मागे, आणि नाटकात जवळजवळ नवशिक्या. १९५४च्या सुमारास संघाने खाडिलकरांचं 'भाऊबंदकी' केलं. १९०९चं नाटक. राघोबादादा नानासाहेब फाटक, आनंदीबाई दुर्गा खोटे. नाटक दिल्लीच्या महोत्सवातही गाजलं.

राघोबा-आनंदीबाईंची गोष्ट आपण शनिवारवाड्यात ठेवून दिली आहे. ३० ऑगस्ट १७७३ला नारायणरावांचा खून झाला, 'ध'चा 'मा' झाला, संपलं. इतिहासकारांना त्या अक्षराच्या फेरफाराबद्दल शंका आहे, पण लोकांनी निकाल कधीच लावून टाकला आहे. गोष्ट मात्र वाड्यात संपत नाही, ती तुमच्या खालापुरातून जाते. पेशवाई हातची गेल्यावर राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि १७७८च्या अखेरीला मुंबईहून इंग्रजांची फौज त्याला गादीवर बसवायला निघाली. पनवेल, खोपोली, बोरघाट, खंडाळा. पुढे वडगावला मराठ्यांनी त्या फौजेला तह करायला लावला. आज एक्सप्रेसवेवरून भरधाव जाणाऱ्या गाड्या ज्या पट्ट्यातून घाट चढतात, त्याच पट्ट्यातून हा पेशवा परक्यांच्या तोफांमागे चढला. आणि खोपोलीत तलाव आणि वीरेश्वराचं देऊळ बांधवलं ते कुणी? त्याला गादीवरून उतरवणाऱ्या बारभाईंतल्या नाना फडणवीसांनी. म्हणजे वादी-प्रतिवादी दोघंही इथून गेले आहेत.

या नाटकात आनंदीबाईची भूमिका मूळची पुरुषांची. १९०९ साली नाटक मंडळ्यांत स्त्रीपार्टी नटच असत. महत्त्वाकांक्षी बाई पुरुषाने रंगवली की एक सोय असते: ती डाव्या हाताने दुष्ट करता येते. बाई रंगवायला लागली की सोय संपते. तिला प्रेक्षकांत बसलेल्या बायकांच्या नजरेला नजर द्यावी लागते. नवरा ढिला आहे, गादी त्याच्या हक्काची आहे असं तिला वाटतं, आणि ती मिळवायला त्याच्याकडे धमक नाही. मग ती धमक आपणच घालायची. पेशवाईच्या घरात बाईला यापलीकडे दुसरी वाट होती का? दुर्गाबाईंची आनंदीबाई मी पाहिलेली नाही, माझ्या वयाला ते शक्य नव्हतं. पाहिलेल्यांच्या लिहिण्यात येतं ते रूप, ताठ चाल, नानासाहेबांच्या भारदस्त आवाजापुढे न दबलेला आवाज. मला मात्र वाटतं की तिथे कैकेयीचा सराव कामाला आला.

त्याच सुमारास शिरवाडकरांचं 'राजमुकुट'. 'मॅकबेथ'चंच रूप. दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल, इंग्लंडमधला माणूस, मॉस्कोत आयझेनस्टाईनकडे शिकलेला. मॅकबेथ फाटक, लेडी मॅकबेथ दुर्गाबाई. एकाच जोडीने एकाच काळात 'भाऊबंदकी' आणि 'राजमुकुट' करणं ही नुसती योगायोगाची गोष्ट नाही. खाडिलकरांच्या राघोबा-आनंदीबाईंत शेक्सपियर मुरलेला आहे, आणि साहित्य संघाने मूळ आणि मुरांबा दोन्ही एकाच पानात वाढले.

या ठिकाणी मला दुसऱ्या एका बाईची आठवण होते. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट. जन्म १९०७, लंडनजवळ क्रॉयडनला; म्हणजे दुर्गाबाईंपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान. तिचा रस्ता सरळ: नाट्यशिक्षणाची शाळा, १९२६ला बर्मिंगहॅमच्या नाट्यसंस्थेत पहिली भूमिका, १९३०ला पॉल रोबसनच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना, १९३५ला गिलगुडच्या प्रयोगात ज्युलिएट. सिनेमा तिने फारसा केला नाही. हिचकॉकच्या 'द थर्टी-नाइन स्टेप्स'मधली शेतकऱ्याची बायको काही मिनिटांची आहे, पण लक्षात राहते. साठीच्या उंबरठ्यावर शेक्सपियरच्या इतिहासनाटकांत राणी मार्गारेट, कोवळ्या मुलीपासून शाप देणाऱ्या म्हातारीपर्यंत. आणि मग सत्त्याहत्तराव्या वर्षी 'अ पॅसेज टू इंडिया'तल्या मिसेस मूरसाठी ऑस्कर.

दोघींच्या वाटा उलट्या. तिथे नाटक आधी, पडदा नंतर. इथे पडदा आधी, नाटक नंतर. पण मला त्यातून दिसतं ते असं की अ‍ॅशक्रॉफ्टच्या मागे संस्था होत्या. शाळा, नाट्यसंस्था, सरकारी अनुदान, १९५६ला 'डेम'चा किताब. ती पडली असती तरी झेलायला जाळं होतं. दुर्गाबाईंना शाळा नव्हती, पाठीमागे कंपनी ठेवली नाही, आणि मराठी नाटकाचा संसार तेव्हा जेमतेम तग धरून होता. तरी लेडी मॅकबेथ झाली. आपल्याकडे त्यांना मान मिळाले नाहीत असं नाही: १९५८ला संगीत नाटक अकादमी, १९६८ला पद्मश्री, १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. पण मान आणि जाळं या वेगळ्या गोष्टी आहेत. जाळं त्यांनी स्वतःच विणलं. पन्नाशीत लघुपटांची कंपनी काढली, मग जाहिरातपटांची. दूरदर्शनवरची १९८८ची 'वागले की दुनिया' आपण सगळ्यांनी पाहिली, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची. आर. के. लक्ष्मणांचा सामान्य माणूस घराघरांत पोचवणारी निर्मिती एका 'राणी'च्या कंपनीची होती, हे तेव्हा कितीजणांच्या लक्षात आलं?

पन्नाशीनंतरची जवळजवळ तीस वर्षं हिंदी सिनेमाने त्यांना आई, आजी, मावशी केलं. कर्जतकरांना सांगायला नको, घाट चढताना मागे जोडलेल्या बँकर इंजिनाचं नाव कुठल्या गाडीच्या पाटीवर नसतं. त्या भूमिका तशाच. जेम्स आयव्हरीच्या पहिल्या कथापटात, १९६३च्या 'द हाउसहोल्डर'मध्ये, शशी कपूरची आई. 'अभिमान'मध्ये दुर्गामावशी. १९७३च्या 'बॉबी'तली मिसेस ब्रगँझा तर मला फार आवडते. श्रीमंत घरातल्या पोराला वाढवलेली गोव्याची बाई. कोकणी घरात वाढलेल्या दुर्गाबाईंना ती परकी नव्हती. हेल कुठे लावायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना बरोबर ठाऊक. 'बिदाई'साठी १९७४चं फिल्मफेअर मिळालं. सगळ्याच भूमिका अशा नाहीत. पुष्कळ ठिकाणी दोन अश्रू आणि एक आशीर्वाद एवढंच काम होतं, आणि ते त्यांनी तेवढंच केलं. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. कामाचे पैसे मिळाले, काम वेळेवर झालं. हा दृष्टिकोन त्यांचाच आहे.

१९८२ला 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आलं. शांता गोखल्यांनी ते इंग्रजीत नेलं. आपल्याकडच्या नटनट्यांच्या आत्मचरित्रांत पुष्कळदा एक तर कैफियत असते नाहीतर दिवाळीचा फराळ. या पुस्तकात पैशांची चणचण, मुलांची काळजी, स्वतःच्या चुकलेल्या निर्णयांची खंत हे सगळं आवाज न चढवता येतं. हरिन त्यांच्या डोळ्यांदेखत गेला. त्याची पत्नी म्हणजे विजया, आपल्या विजया मेहता, ज्यांनी मराठी नाटकाचा पुढचा अध्याय लिहिला. एका घरात दोन पिढ्यांची रंगभूमी अशी आली.

शेवटची वर्षं दुर्गाबाई आपल्याच रायगड जिल्ह्यात, अलिबागच्या बाजूला राहिल्या. २२ सप्टेंबर १९९१ला गेल्या. पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट त्याच वर्षी जूनमध्ये गेली होती.

एक विनंती करून थांबतो. कर्जत-खोपोलीच्या हौशी मंडळांमध्ये दम आहे हे मी ऐकून आहे. स्पर्धांसाठी नवी नाटकं शोधता, ती शोधाच. पण एकदा 'भाऊबंदकी' उघडून पाहा. पाच अंकी आहे, भाषा जड आहे, काट मारावी लागेल, पात्रं कमी करावी लागतील. प्रयोग खोपोलीत, नाना फडणवीसांच्या तळ्याजवळ करता आला तर फारच छान. राघोबा कुणीही मिळेल, मोठ्या आवाजाची माणसं इथे कमी नाहीत. आनंदीबाई निवडताना मात्र घाई करू नका.